परळचं जंगल

समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी गिरणगावात वाढलेले दिसतात. त्यामुळे मी काही चुकीचं बोललो तर तुम्ही सोडणार नाही, याची खात्री आहे. (हशा)

आजचा विषय आहे जंगलपट. हा का घेतला, ते आधी सांगतो. उन्हाळ्यात एका तरुण मित्राचा फोन आला. म्हणाला, "सर, ड्राइव्ह-इनला एक रात्र करायचा विचार आहे. ट्रॉपिकल थीम. नारळाची झाडं, फुलांच्या माळा, शहाळी आणि पडद्यावर एकामागून एक टुकार जंगलपट. जितके वाईट तितके चांगले! तुम्ही यादी द्या." मी यादी करायला बसलो आणि अडलो. का अडलो, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

पहिलं म्हणजे 'ट्रॉपिकल'. अहो, मुंबई उष्ण कटिबंधातच आहे! तिथे ट्रॉपिकल रात्र करायला काय लागतं? पंखा बंद करा, झाली. (हशा) पण गंमत बाजूला ठेवू. नारळाचं झाड बघितलं की अमेरिकेतल्या माणसाला सुट्टी आठवते. लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मालवणच्या माणसाला काय आठवत असेल? घर. गणपतीला आणि शिमग्याला जायचं ते घर. माड ही त्याच्यासाठी मौज नव्हती. माडावर चढावं लागतं, नारळ उतरवावे लागतात, झावळ्या विणाव्या लागतात. जंगलपटातल्या जंगलात कोणी कधी काम करताना बघितलंय? तिथे वेली असतात त्या फक्त लोंबकळायला. म्हणजे ते जंगल खोटं आहे, हे आपल्या प्रेक्षकाला पहिल्या मिनिटाला कळत होतं. त्यासाठी समीक्षक लागत नव्हता.

मग तो तिकीट काढून काय बघायला जायचा? माझ्या मते, या चित्रपटांबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे.

आता जरा इतिहास. 1933 साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पहिलं ड्राइव्ह-इन थिएटर सुरू झालं. त्याच वर्षी इथे परळला जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी वाडिया मूव्हीटोन काढलं. जागा कुठली? लवजी कॅसल, म्हणजे जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याचा जुना वाडा. 1935 साली 'हंटरवाली' आला आणि नादिया घराघरात पोचली. ती ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. सर्कशीत आणि रंगमंचावर काम केलेली. पुढच्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या रेल्वेच्या टपावर मारामारी करते. 1937 साली होमी वाडियांनी 'तुफानी टारझन' केला, त्यात टारझन झाले जॉन कावस. 1942 साली 'जंगल प्रिन्सेस' आला. त्यात नादिया खऱ्या सिंहांबरोबर काम करते. मागे पडदा रंगवलेला असेल, सिंह रंगवलेला नव्हता.

त्याच 1942 साली ती जागा व्ही. शांताराम यांच्याकडे आली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. राजकमलचा पहिला चित्रपट कोणता? 'शकुंतला', 1943. लॅमिंग्टन रोडच्या स्वस्तिकला तो 104 आठवडे चालला. बघा हं, परळच्या एकाच आवारातून पाच-सहा वर्षांच्या अंतराने दोन जंगलं बाहेर पडली. एक टारझनचं, दुसरं कण्वमुनींचं. खरं तर दोन्ही बनावट. एकात मनुष्य वेलीवरून उड्या मारतो, दुसऱ्यात हरणं आणि फुलं आणि वल्कलं. पण आपण मराठी समीक्षकांनी काय केलं? एकाला तपोवन म्हटलं आणि दुसऱ्याला टुकार. शांतारामबापूंवर किती ग्रंथ लिहिले, किती व्याख्यानं दिली! होमी वाडियांवर? मोजायला एका हाताची बोटं पुरतील. यात मीही आहे. फिल्म सोसायटीत असताना मी 'झिंबो' हा शब्द शिवीसारखा वापरायचो.

'झिंबो' 1958 चा. तोवर होमी वाडियांचं बसंत पिक्चर्स चेंबूरला गेलं होतं. टारझनचं नाव बदललं, बाकी सगळं तेच. माझे वडील गिरणीत होते. मी कॉलेजात असताना एकदा त्यांना मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "दादा, तुम्ही तो झिंबो बघितलात तरी कसा?" ते शांतपणे म्हणाले, "अरे, जंगल खोटं होतं. उडी खरी होती."

हे वाक्य मला कळायला तीस वर्षं लागली. विचार करा, हा प्रेक्षक कोण होता? साच्यावर आठ तास उभा राहणारा. संध्याकाळी व्यायामशाळेत जाणारा, मल्लखांब बघितलेला, गोकुळाष्टमीला हंडीच्या खालच्या थराला खांदा देणारा. शरीर किती झेपू शकतं आणि कुठे मोडतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. उडी खोटी असती तर त्याने थिएटर डोक्यावर घेतलं असतं. शिट्टी वाजायची ती दाद म्हणून. 'किती वाईट आहे, म्हणून मजा' अशी ती शिट्टी नव्हती.

आणि इथेच माझं त्या तरुण मित्राशी भांडण आहे. टुकार सिनेमाला हसायला माझी हरकत नाही. हसण्यासारखं त्यात भरपूर आहे. गोरिलाच्या कातड्यात माणूस असतो, हे लहान मुलालाही दिसतं. पण काचा वर करून, गाडीत बसून, रेडिओवर आवाज ऐकत आपण हसतो, तेव्हा कोणाला हसतो? चित्रपटाला, की तो मन लावून बघणाऱ्याला? दुसरं असेल तर ते हसू मला नको.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस या चित्रपटांची आरतीच ओवाळायला निघाला. तसं नाही. त्यांच्यात एक गोष्ट खरोखर वाईट आहे आणि नेमकी तीच आपण गमतीत खपवतो. तोंडाला काळं फासून, पिसं खोचून, भाले घेऊन नाचणारे ते 'जंगली'. त्यांना भाषा नाही, नाव नाही. टारझनची मूळ गोष्ट एडगर राइस बरोजची, 1912 ची. तिच्यात गोरा लॉर्ड आणि काळे रानटी. आपल्याकडे लॉर्ड गेला, आपल्यासारखा मुलगा आला. पण रानटी तसाच राहिला! ज्या शहरात आरेच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत, त्याच शहराने जंगलात राहणाऱ्या माणसाचं हे चित्र वर्षानुवर्षं विकलं. वडिलांना मी हे कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसरी घसरण नंतरची. 1985 सालचा 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ टारझन' घ्या. बब्बर सुभाष यांचा, हेमंत बिर्जे आणि किमी काटकर. तो धो धो चालला. पण नादियाचं शरीर काय करू शकतं ते कॅमेरा बघत होता. इथे शरीर कसं दिसतं, एवढंच बघतो. उडी मारणारी बाई गेली, भिजणारी बाई आली. माझ्या लेखी हा फरक नैतिक नाही, तो कलेतला आहे. पहिल्या प्रकारात पडद्यावर काहीतरी घडतं. दुसऱ्यात नुसतं दाखवलं जातं. 1982 चा संप होऊन गेला होता. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले होते. कष्टाच्या शरीराला शहरातच मोल उरलं नव्हतं. पडद्यावर तरी ते कसं उरणार? हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तसं वाटतं खरं.

तर यादीचं काय झालं? दिली. 'तुफानी टारझन', 'जंगल प्रिन्सेस', 'झिंबो', आणि शेवटी 1985 चा टारझन, याच क्रमाने. म्हणजे काय हरवत गेलं ते आपोआप दिसेल. दोन अटी घातल्या. एक, गाड्यांच्या पुढे काही बाकं टाका. गाडी नसलेल्या माणसाला स्वस्तात बसता आलं पाहिजे, कारण हे चित्रपट मुळात त्याच्यासाठी होते. दोन, नारळाची झाडं प्लास्टिकची नकोत.

मित्र म्हणाला, "सर, प्लास्टिकची असली तरच मजा आहे."

मी म्हटलं, "मग निदान एकाला तरी खऱ्या माडावर चढायला सांग. उडी खरी पाहिजे." (हशा, टाळ्या)

आता प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेतल्या आजोबांनी केव्हाचा हात वर केलाय. बोला आजोबा, तुम्ही कुठे बघितला होतात 'झिंबो'?