टर्बोने ‘पॉवर किती टक्के वाढली’ हा प्रश्नच अपुरा आहे

लहान इंजिनाला टर्बो लावला की पॉवर अमुक टक्के वाढते, हे वाक्य दर दुसऱ्या प्रोजेक्ट रिपोर्टात सापडतं. ते खोटं नसतं, पण त्यावर संशोधन उभं राहत नाही. का, ते टाटांच्या दोन गाड्यांवरून बघू.

२०१६ च्या टियागोत १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बिनटर्बोचं: ८५ पीएस, ११४ न्यूटन-मीटर. २०१७ च्या नेक्सॉनमध्ये तेवढंच इंजिन, टर्बोसह: ११० पीएस, १७० न्यूटन-मीटर. पॉवर २९ टक्के वाढली, टॉर्क ४९ टक्के. मग खरा आकडा कुठला?

टियागोचे ८५ पीएस ६००० आरपीएमला येतात, नेक्सॉनचे ११० पीएस ५००० लाच. पॉवरला आरपीएमने भागून बघा: दर फेऱ्यामागचं काम ५५ टक्के जास्त निघतं. रिपोर्टातल्या ‘२९ टक्के’मध्ये हे झाकलं जातं. बिद्रीहून गारगोटीकडे जाताना पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असला, की ओव्हरटेकसाठी ६००० आरपीएमची वाट कोण बघतो? २००० च्या आसपास काय मिळतं, ते महत्त्वाचं.

दुसरं आवडतं वाक्य, ‘एक्झॉस्टमधली फुकटची ऊर्जा’. फुकट कसली! टर्बाइन वाटेत बसल्यामुळे पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो. हवा कोंबली की नॉकिंगचा धोका वाढतो; मग ठिणगी उशिरा टाकायची, जास्त लोडवर गरजेपेक्षा जादा पेट्रोल सोडून तापमान उतरवायचं. मायलेजची सरकारी चाचणी ताशी ९० किमीच्या पुढं जात नाही आणि बराच वेळ हलक्या लोडवरच चालते, त्यामुळे हा खर्च तिथं फारसा दिसत नाही. फोंडा घाटात दिसतो.

आता इथेनॉल. बिद्रीच्या साखर कारखान्यामुळे आपल्याकडे हा विषय घेणारे बरेच. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, बाष्प होताना उष्णताही जास्त शोषतं, म्हणजे टर्बोला सोयीचं. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ई-२० मध्ये हा तोटा सहा-सात टक्क्यांचा. तो नॉकिंगमधल्या फायद्यातून किती भरून निघतो, हे ठिणगीची वेळ आणि बूस्ट न बदलता मोजलं, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. असे पेपर वाचताना निष्कर्षाआधी टेस्ट सेटअपचं पान उघडा.