नुसते भाष्यकार?

बर्ट्रांड रसेल यांचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास १९४५ साली प्रसिद्ध झाला. ग्रीकांपासून विसाव्या शतकापर्यंतच्या या जाडजूड ग्रंथात मुस्लिम विचारवंतांच्या वाट्याला एक छोटेसे प्रकरण आले आहे. त्यातला निवाडा असा : अरबी तत्त्वज्ञानात स्वतंत्र विचार फारसा नाही, इब्न सिना आणि इब्न रुश्द हे मुख्यतः भाष्यकार. म्हणजे ग्रीकांची ठेव सांभाळून ती युरोपच्या हाती दिली, एवढेच त्यांचे कर्तृत्व.

हे आम्हाला मान्य नाही. घोडा म्हणजे काय हे कळले, तरी घोडा अस्तित्वात आहे की नाही हे त्यातून कळत नाही. वस्तूचे स्वरूप वेगळे, तिचे अस्तित्व वेगळे. ॲरिस्टॉटलमध्ये या भेदाची बीजे असतील. पण त्यावर संपूर्ण मांडणी उभारली ती इब्न सिना (९८०-१०३७) यांनी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हा भेद उचलला. १७८१ साली कांट यांनी अस्तित्व हा वस्तूचा गुणधर्मच नव्हे असे बजावले, तेव्हा वाद याच प्रश्नाच्या परिसरातला होता. याला नुसते भाष्य म्हणायचे काय?

रसेल यांचे दुसरे विधान मात्र बोचते. इब्न रुश्द हे मुस्लिम तत्त्वज्ञानाचा शेवट आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानातील एक आरंभ ठरले, असे ते म्हणतात. इराणात मुल्ला सद्रा (मृत्यू १६४०) आणि त्यांच्यानंतरही तत्त्वचिंतन चालू राहिले, म्हणून हे सरसकट खरे नाही. पण ११९५ साली इब्न रुश्द यांना कॉर्डोबातून हद्दपार करण्यात आले, त्यांचे ग्रंथ जाळले गेले, हे कसे नाकारणार? ॲरिस्टॉटलच्या आत्मविषयक ग्रंथावरील त्यांचे बृहद्‌भाष्य आज पूर्ण स्वरूपात मिळते ते फक्त लॅटिनमध्ये. बंदी तिकडेही आली. १२७७ साली पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. तरी तिथल्या विद्यापीठांत वाद थांबला नाही.

'युरोपला आम्ही शिकवले' असे आपण अभिमानाने सांगतो. ते खोटे नाही. पण हा अभिमान आपल्याला शोभायचा असेल, तर गझालींनी तत्त्ववेत्त्यांवर टीका केली ती ग्रंथ लिहून, आणि इब्न रुश्द यांनी उत्तर दिले तेही ग्रंथ लिहूनच, हे आठवले पाहिजे. तो रिवाज आपण पुन्हा अंगी बाणवला, तरच रसेल यांना दिलेले उत्तर पुरे होईल.