सेवा-आराखडा आणि दृश्यतेची रेषा : शाश्वत सेवा-रचनेच्या पदवीस्तरीय अध्यापनाची चिकित्सा

प्रास्ताविक : पदवीस्तरावर सेवा-रचना शिकविताना सेवेचा आराखडा हे साधन विद्यार्थ्यांच्या हाती लवकर दिले जाते. जी. लिन शोस्टॅक यांनी १९८४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात ते बूटपॉलिशच्या उदाहरणाने विशद केले. ब्रश मारणे, पॉलिश लावणे, चमक आणणे व पैसे घेणे हे त्यातील टप्पे होत. प्रमाण वेळ २ मिनिटे, तर स्वीकारार्ह कमाल वेळ ५ मिनिटे. ग्राहकाला जे दिसत नाही ते ‘दृश्यतेच्या रेषे’खाली जाते.

विवेचन : या साधनाचे सामर्थ्य मान्य करावेच लागते. त्यामुळे सेवेसारखी अमूर्त गोष्ट कागदावर मांडता येते आणि चूक कोठे संभवते हे आधीच ध्यानात येते. तथापि, पॉलिशचे साहित्य रेषेखाली केवळ खरेदीची बाब म्हणून येते. ते कशापासून बनले, रिकाम्या डबीचे काय होते, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत. पैसे हाती पडले की सेवा संपते. शाश्वततेचा विचार मात्र तेथून पुढे सुरू होतो.

पुण्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या पुढाकाराने ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली व २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. ही दारोदार सेवा वरील पद्धतीने रेखाटल्यास घराचा दरवाजा, बादली आणि मासिक शुल्क एवढेच रेषेच्या वर राहते. वस्तुतः वेचकाचे उत्पन्न शुल्काबरोबरच भंगाराच्या विक्रीवरही अवलंबून असते. ओला व सुका कचरा घरातच वेगळा न झाल्यास भंगाराची किंमत घटते आणि वर्गीकरणाचे घाण काम वेचकाच्या हातांवर येते. म्हणजेच आराखडा ज्याला ‘ग्राहक’ म्हणतो, तोच या सेवेतील पहिला कामकरी होय. ग्राहकाचे समाधान हाच निकष ठेवल्यास, वर्गीकरणाचा त्रास वाचविणारी रचना उत्तम गुण मिळवील आणि त्याच वेळी सेवेचा पायाही काढून घेईल.

निष्कर्ष : साधन टाकून देण्याचे कारण नाही, अध्यापनाचा क्रम मात्र बदलावयास हवा. प्रथम वस्तूचा उगमापासून विल्हेवाटीपर्यंतचा प्रवास, नंतर काम करणाऱ्याचा दिवस आणि शेवटी ग्राहकाचा अनुभव रेखाटावा. मूल्यमापनातही रेषेखालील भागास रेषेवरील भागाइतकेच गुण असावेत. अन्यथा जे दिसत नाही त्याची किंमत नसते, हाच धडा विद्यार्थी पदवीबरोबर घेऊन जाईल.