‘अडचण आणि उपाय’ : एका पानाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. आज एका पानाचे परीक्षण करायचे आहे. खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, तिच्या शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे अडचण, उजवीकडे उपाय. मोबाइलमुळे हे कॅमेरे मागे पडले, तरी शाळांच्या कपाटांत ते अजून आहेत, आणि बिघडले की प्रथम हेच पान उघडले जाते. अशा पाच-सहा पुस्तिका मी चाळल्या. तक्ता जवळजवळ सारखाच.

निमित्त घडले एका शिक्षक-शिबिरात. एका बाईंनी शाळेचा कॅमेरा आणला होता. बटण दाबले की भिंग अर्धवट बाहेर येई आणि सगळे बंद. तक्ता म्हणत होता, ‘सेल बदला’. त्यांनी तीनदा बदलले, तेही दुकानातून नवे कोरे आणून. गुण आला नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्यातच, असे ठरले आणि डेड स्टॉक रजिस्टरमधून तो निर्लेखित करण्याचा कागदही तयार झाला. बाईंचा तर्क चुकला असे मी म्हणणार नाही. तक्त्याने जेवढे सांगितले तेवढ्यावरून हाच निष्कर्ष निघतो.

आम्ही मल्टिमीटर लावला. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले ते साधे सेल प्रत्येकी दीड व्होल्ट दाखवत होते. माझ्याजवळचे पुन्हा चार्ज होणारे, निकेल-मेटल हायड्राइडचे सेल भरले तर १.३ व्होल्टच्या आसपास. पण हे ‘कमी’ व्होल्टचे सेल घालताच कॅमेरा निमूटपणे सुरू झाला!

कोडे अवघड नाही. घड्याळाला लागणारी विद्युतधारा मिलिअँपिअरहूनही कमी असते. कॅमेऱ्यात भिंग सरकवणारी मोटर चालते, पडदा उजळतो, फ्लॅश भरत असतो. त्याला क्षणभर का होईना अँपिअरच्या घरात धारा लागते. समजा, साध्या सेलचा अंतर्गत रोध अर्धा ओहम आहे. एक अँपिअर धारा वाहू लागताच प्रत्येक सेलमध्ये अर्धा व्होल्ट आतल्या आत खर्च होतो. दोन सेलचे तीन व्होल्ट कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो दोन उरतात, आणि कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. चार्ज होणाऱ्या सेलचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो, म्हणून त्याचे व्होल्ट टिकून राहतात. नुसता मल्टिमीटर लावला तर धारा जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे हा फरक दिसत नाही. टॉर्चचा बल्ब जोडून, तो पेटलेला असताना मोजा, दिसेल. अंतर्गत रोधाचा धडा आपण वर्षानुवर्षे शिकवतो, पण त्याची अशी गाठ क्वचितच पडते.

आता, साधे सेल वापरू नयेत हे त्या पुस्तिकेत लिहिलेले होते. पण दुसऱ्याच पानावर आणि कारणाशिवाय. कारण नसलेली सूचना लक्षात राहत नाही, हे शिक्षकांना मी काय सांगावे?

माझा मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. हा तक्ता उपाय सांगतो, पण निदान करत नाही. ‘पडद्यावर चित्र दिसत नाही’ ही ओळ घ्या. उपाय : कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा; न जमल्यास सेवाकेंद्राशी संपर्क साधा. यात ‘जुने फोटो दिसतात का?’ हा एक प्रश्न हवा होता. जुने फोटो नीट दिसत असतील तर पडदा, कार्ड आणि सेल एका फटक्यात निर्दोष सुटतात. दोष उरतो तो प्रकाशाच्या वाटेवर, म्हणजे झडपेत किंवा प्रकाश टिपणाऱ्या सीसीडीत. मग भिंगात तिरपा उजेड पाडून बटण दाबावे आणि झडपेच्या पाकळ्या हलतात का ते पाहावे. झडप मिटलेली अडकली तर सगळेच काळे. उघडी अडकली तर घरातले फोटो बरे येतात, पण उन्हातले पांढरेफटक आणि रेघारेघांचे. कारण सीसीडीवर साठलेला विद्युतभार वाचला जात असतानाही वरून प्रकाश पडतच राहतो.

झडप हलते आहे आणि तरी चित्र काळे किंवा जांभळट, ओढल्यासारखे येते? मग सीसीडी. २००५ च्या अखेरीस कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, सोनी अशा अनेक कंपन्यांनी साधारण २००२ ते २००४ च्या काळातल्या काही कॅमेऱ्यांबद्दल जाहीर सूचना काढल्या. सोनीने बनवलेल्या काही सीसीडींच्या आतली विद्युतजोडणी सुटत होती, आणि उष्ण व दमट हवेत हे अधिक संभवत होते. कोकणातल्या शाळेला ही हवा नवी नाही. सुटू पाहणारा जोड कधी टेकतो, कधी नाही. म्हणून ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ हा उपाय दोन दिवस लागू पडल्यासारखा वाटतो आणि नेमका तोच फसवतो. कंपन्यांनी तेव्हा हे भाग मोफत बदलून दिले. पण नेमका दोष न कळल्यामुळे ज्यांनी कॅमेरा आधीच टाकून दिला, त्यांचे काय?

एका बाबतीत मात्र तक्त्याने अधिक कडक असायला हवे होते. भिंग अडकले की उत्साही माणूस चार स्क्रू काढतो. फ्लॅशच्या धारित्रावर सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि सेल काढल्यावरही ते बराच वेळ टिकतात. नुसते ‘उघडू नये’ पुरेसे नाही. विज्ञानाचा शिक्षक तर हमखास उघडणार. त्याला आकडा सांगा, तो थांबेल.

एक ओळ चांगली आहे, तीही सांगितली पाहिजे. ‘फोटो धुरकट येतात’ यापुढे, थंड खोलीतून बाहेर दमट हवेत कॅमेरा आणल्यास भिंगावर बाष्प जमते, तेव्हा तो आधी पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, असे कारणासकट लिहिले आहे. तेवढ्या एका ओळीला जागा मिळाली, मग सेलच्या ओळीला का मिळू नये, ते मला कळले नाही.