रेवदंड्याचा दगड आणि नौदलाचा लाल क्रॉस

रेवदंड्याच्या दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेलं आहे. आपण 'क्रूस दिसतोय' म्हणतो आणि पुढे निघतो. जरा थांबू या. या राजचिन्हात पाच निळ्या ढाली क्रॉसच्या आकारात मांडतात. भोवती लाल पट्टी, तिच्यावर सोनेरी किल्ले. दगडात आकार उरला, लाल गेला, म्हणजे निम्मं वाचनच गेलं. कुलचिन्हांच्या शास्त्रात रंग ही सजावट नव्हे. सोनेरी-रुपेरी हे 'धातू', लाल-निळे हे 'रंग'. रंगावर रंग शक्यतो ठेवायचा नाही, चिन्ह लांबून ओळखू यायला हवं ना!

आपल्या नौदलाच्या ध्वजावर सेंट जॉर्जचा लाल क्रॉस होता. त्याचा वादही आपण असाच अर्धवट घातला, असं आम्हाला वाटतं. वसाहतीची खूण म्हणून २००१ मध्ये तो काढला. अर्थाच्या बाजूने ते योग्यच. पण पांढऱ्यावर उरलेलं निळं बोधचिन्ह आकाश-समुद्रात मिसळून जातं, अशी तक्रार आली आणि २००४ मध्ये क्रॉस परतला, तोही मधोमध अशोकस्तंभ घेऊन!

२ सप्टेंबर २०२२ रोजी क्रॉस पुन्हा गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आंग्र्यांच्या अलिबागेत त्याचा आनंद व्हायचाच, आम्हालाही झाला. मात्र अष्टकोन पुन्हा निळाच आहे, कडा सोनेरी. कुलाबा किल्ल्याच्या तटावरून, भर उन्हात, लांबच्या युद्धनौकेवर तो ओळखू येईल का? गुलामीच्या खुणेइतकी चर्चा याचीही व्हायला हवी होती.