लोटा, दोरी आणि विहीर

आपल्याकडे व्यापाऱ्याची दोन चित्रे प्रचलित आहेत. एक गौरवग्रंथातले. कुणी पूर्वज लोटा-दोरी घेऊन परमुलखातून येतो, सचोटीने आणि काटकसरीने पेढी उभारतो, धर्मशाळा बांधतो आणि भरल्या घराचा निरोप घेतो. दुसरे चित्र कथा-चित्रपटांतले. बाबूराव पेंटरांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश'पासून आपण ते पाहत आलो आहोत. त्यातला सावकार कपटी असतो, खोटे कागद करतो, गरिबाची जमीन गिळतो. प्रस्थापित वाङ्मयाने ही दोन्ही चित्रे सुखाने शेजारीशेजारी नांदवली. वरवर ती परस्परविरोधी दिसतात, पण माझ्या मते त्यांचे काम एकच आहे. दोन्ही चित्रे माणसाचा स्वभाव दाखवतात आणि व्यवस्था झाकतात.

यवतमाळ जिल्ह्याचा विचार करू. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची गाडी यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गावर नेऊन टाकू लागली. लोकांनी तिला पुढे 'शकुंतला' म्हटले. ही गाडी आता थांबली आहे, पण तिच्या वाटेने उभे राहिलेले जीन, प्रेस आणि वाडे अजून शहराची ओळख सांगतात.

म्हणजे ज्या काळात आपला हा लोटा-दोरीवाला आला, त्या काळात युद्ध, रेल्वे आणि कायदा त्याच्या आधी येऊन वाट झाडून बसले होते. चरित्रकार ही वाट दाखवीत नाही. तो फक्त चालणारा दाखवतो.

चालणाराही एकटा नव्हता. थॉमस टिंबर्ग यांनी मारवाडी व्यापाऱ्यांवरील १९७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की परमुलखात गेलेल्या तरुणाला जातभाईंच्या सामाईक खाणावळीत जेवण मिळे, त्यांच्या पेढीवर गुमास्तेगिरी मिळे आणि पुढे उधारीवर मालही मिळे. यालाच बाजारात पत म्हणतात. पत ही जातीच्या पंगतीत शिजत होती. त्या तरुणाचे कष्ट खरे होते, हे मी नाकारीत नाही. घरदार सोडून परक्या मुलखात बस्तान बसवणे सोपे नसते. पण गौरवग्रंथ ज्याला शून्य म्हणतो, ते शून्य नव्हते.

याच गावातल्या महार तरुणाने लोटा आणि दोरी घेतली असती, तर त्याने दोरी कोणत्या विहिरीत सोडली असती? पाण्याला स्पर्श करण्यासाठी ज्या समाजाला १९२७ मध्ये महाडला चालून जावे लागले, त्याच्या हाती लोटा असून काय उपयोग? परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी सिडनेहॅम महाविद्यालयातील नोकरीच्या आधी शेअर-व्यवहारांचा सल्ला देणारी संस्था काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. बुद्धी होती, पदवी होती, पत नव्हती.

कापसाच्या बाबतीत हा अन्याय अधिकच ठसठशीत आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातील महारांची नोंद जाडेभरडे कापड विणणारे म्हणून आहे. गिरणीच्या कापडाने हा माग बसवला. मग विणकराने गिरणीत जावे, तर मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते त्याला बंद, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याची उष्टी लाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ज्याच्या हातात माग होता त्याच्या पाठीवर गठाण आली, आणि त्याच्या बायकोच्या ओट्यात वेचणीचा कापूस आला. पेढीच्या इतिहासात या घराला एक ओळही नाही.

आता धर्मशाळेकडे वळू. कापूस, धान्य विकायला आलेल्या शेतकऱ्याच्या पैशातून अडत, हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय कापून घेण्याची रीत अनेक बाजारांत होती. धर्मादाय कापला जाई कास्तकाराचा, दगडावर नाव लागे शेटजींचे, आणि ओसरीवर चढायची मनाई असे आपल्याला. इथे शेटजी दुष्ट असण्याची काहीच गरज नाही. सज्जनातला सज्जन व्यापारीही हाच कडता कापून सज्जन राहू शकत होता. म्हणूनच कपटी सावकाराचे चित्र आपल्याला पुरत नाही. एक वाईट सावकार मेला की कथा संपते. कडता चालूच राहतो.

या घरातल्या स्त्रीचे काय? गौरवग्रंथात ती 'अन्नपूर्णा' असते. पेढी अडचणीत आली तेव्हा तिच्या अंगावरचे सोने मोडले काय, बालविधवा सुनेने माजघरात दिवस कसे काढले, हे प्रश्न विचारले जात नाहीत. रोजकिर्दीत पै-पैची नोंद ठेवणाऱ्या घराने तिच्या श्रमाचे खाते उघडलेच नाही. वेचणारी स्त्री आणि माजघरातली स्त्री सारख्या नव्हेत. पहिलीचा स्पर्शही दुसरीला विटाळ वाटत होता. तरी दोघींची नावे एकाच वहीतून गळाली आहेत.

व्यापारी असूनही वही उघडी ठेवता येते, याचा दाखला आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव फुले ठेकेदार होते. त्या धंद्यात राहून त्यांनी सरकारी बांधकाम खात्यातली लबाडी चव्हाट्यावर मांडली, आणि 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कुणब्याचे पैसे कुठे कुठे गळतात याचा हिशेब दिला. व्यापारी चरित्राचा हा आपला निकष असला पाहिजे.

यवतमाळला १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. दुसऱ्या खेपेला उद्घाटनाचा मान एका शेतकरी विधवेला मिळाला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. त्यांतल्या मजुराच्या नावावर सातबारा नसतो, कर्जखाते नसते. म्हणून शोकांतिकेतही तो दुय्यम पात्र ठरतो. शंभर वर्षांपूर्वीच्या वहीतून जो गळाला, तोच आजही गळतो आहे.

माझ्या वर्गात बसणारी पुष्कळ मुले त्यांच्या घरातली पहिलीच शिकणारी आहेत. आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली, अपमान लिहिला. ते अटळ होते आणि मोलाचे होते. पण भुकेचा हिशेबही लिहिला पाहिजे. आजीला वेचणीचे मणामागे किती मिळाले, सालदारकीचा करार पाडव्याला कसा होई, दिढीने घेतलेली ज्वारी किती वर्षे फिटत होती, हे अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ते उतरवून घ्यावे. जुन्या पेढ्यांच्या वह्या रद्दीत जात आहेत, त्याही मिळतील तिथे वाचाव्यात. द्वेषाने नव्हे, काळजीपूर्वक. कारण त्या वहीच्या जमेच्या बाजूला शेटजींचे घराणे आहे, आणि नावेच्या बाजूला आपले.