दोन दारे, एक अंगण

'कूपे' म्हटले की आमच्या पिढीला रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोन बर्थांचा कोनाडा आठवतो. मोटारींतही कूपे असते: बुटकी, दोन दारांची, मागे बसणाऱ्याची फारशी फिकीर न करणारी. आमची पालघरची स्टँडर्ड हेराल्ड अगदी शास्त्रोक्त कूपे नव्हे, पण त्याच भाऊबंदांतली. मद्रासला १९६१ पासून निघू लागलेल्या दोन दारी हेराल्डांपैकी ही एक, वडिलांची. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राहून वयाने थोरली.

आता पुतण्याने पिकअप घेतली. बोईसरच्या कारखान्यांचा माल वाहतो. अंगणात जागा मात्र एकाच गाडीला. घरात दोन पक्ष पडले, तेव्हा मी स्वतःच स्वतःला परीक्षक नेमले.

प्रथम रूप. हेराल्डची रेखाटणी इटलीच्या मिकेलोत्तीची. पिकअपची बहुधा फूटपट्टीची. हेराल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात गिरकी घेते. पिकअप वळू लागली की बाजारातल्या भाजीवाल्या आधी टोपल्या उचलतात.

दारे दोघींनाही दोनच. हेराल्डमधून मागच्याला उतरायचे तर पुढच्याने आधी उतरायचे. सुनेसाठी सासऱ्याने उठून उभे राहावे, एवढी सामाजिक सुधारणा आमच्या घरात या गाडीनेच केली. पिकअपमध्ये तो प्रश्नच नाही. मागे माणसेच नाहीत.

आता ओझे. पिकअप टनभर माल सहज उचलते. हेराल्ड अख्खी भरते आठशे किलोंच्या आसपास. म्हणजे वजनाने ती पिकअपच्या हौद्यात मावेल, पण पावणेतेरा फुटांची बाई नऊ फुटांत निजवायची कशी? रिकामी पिकअप खड्ड्यात ताशासारखी वाजते, कारण तिचे पाटे ओझ्यासाठीच बांधलेले. पाठीवर भार पडला की शहाण्यासारखी चालते. अगदी संसारी माणूस!

खरे सांगतो, निकाल हेराल्डच्या बाजूनेच द्यायचा असे ठरवून बसलो होतो. पण परीक्षकाने हिशेबाची वहीही पाहावी लागते. गेली दोन वर्षे हेराल्डच्या पेट्रोलचे पैसे पिकअप देते आहे. मग मन घट्ट केले आणि म्हटले, "विकू या हेराल्ड. अंगण पिकअपला."

पुतण्या हात पुसत म्हणाला, "काका, पिकअप अजून बँकेची आहे. ती राहील रस्त्यावर. घरची तेवढी आत असू द्या."